तिची साक्ष लागली की : नव्या सरकारी वकिलांसाठी

बलात्काराच्या किंवा पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) केसमध्ये पीडितेचं समन्स निघालं की नवा सरकारी वकील फाइल उघडतो आणि जबाबातल्या विसंगती शोधायला बसतो. ते काम करायचंच आहे, पण आधी कोर्टाच्या व्हरांड्यात एक चक्कर मारून या. आरोपी जामिनावर असेल तर तो, त्याचा भाऊ, मेहुणा आणि गावातली दोन वजनदार माणसं कुठल्या बाकावर बसतील? तिला कुठे बसवणार? बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, त्याची किल्ली कुठल्या शिपायाकडे असते? मॅटर पुकारल्यावर तिला कुठल्या दारातून आत आणणार?

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात सरकारी वकील आहे आणि असे खटले बरीच वर्षं चालवते आहे. साक्षीदार उलटतपासणीत मोडते असं आपण म्हणतो. खरं तर पिंजऱ्यात उभी राहीपर्यंतच ती अर्धी मोडलेली असते. सकाळी सहाच्या एसटीने निघालेली, पोटात काही नाही, चार तास आरोपीच्या नातेवाइकांच्या नजरेसमोर बसलेली. अशा अवस्थेत माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीखही नीट सांगता येणार नाही. आणि यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं, कायद्यात तशा तरतुदी आहेत. फक्त त्या आधी आणि लेखी मागाव्या लागतात. ऐनवेळी उभं राहून "मॅडम, जरा पडदा लावता आला तर बरं" असं म्हटलेलं हवेत विरतं. अर्ज दिला की त्यावर आदेश होतो, रोजनाम्यात नोंद होते आणि पुढे अपिलात ती नोंद कामाला येते.

समन्स

गणवेशातला शिपाई गावात जातो, पारावर बसलेल्यांना विचारतो, "अमक्याची पोरगी कुठं राहते? कोर्टाचं समन्स आहे." झालं, दोन वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते एका दुपारी गावभर. म्हणून समन्स पोलीस ठाण्यात जायच्या आधी तपास अधिकाऱ्याला फोन करा : साध्या कपड्यांतली महिला अंमलदार पाठवा, आधी फोन करून वेळ ठरवा, पोलीस पाटलालासुद्धा कारण सांगू नका. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात हेही स्पष्ट केलं की नुसतं नाव गाळून भागत नाही, जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही माहिती बाहेर जाता कामा नये. आरोपी सख्खा बाप किंवा काका असेल तर आरोपीचं नाव हीच तिची ओळख असते, याचं भान बोर्ड (दिवसाच्या खटल्यांची यादी) लावणाऱ्या लिपिकाला बहुधा नसतं. ते तुम्ही द्यायचं.

मुलीचं लग्न झालेलं असेल तर जास्त जपा. आपल्याकडे अशी घटना घडली की वर्षा-दोन वर्षांत घाईने लग्न उरकतात आणि सासरी कोणाला काही माहीत नसतं. तिथे समन्स पोचलं तर तिचा संसार उधळतो, आणि साक्षीला ती आलीच तर "मला काही आठवत नाही" एवढंच बोलते. माहेरच्या नंबरवर आईशी बोला, मुलगी कधी माहेरी येते ते विचारा, जमेल तशी तारीख घ्या. न्यायाधीशांना कारण बंद लिफाफ्यात देता येतं.

आणि पुकारा. आमच्याकडे पट्टेवाला दारात उभा राहून साक्षीदाराचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, तीनदा ओरडत असे. त्याचा काही दोष नाही, त्याला तेच शिकवलेलं. "साक्षीदार क्रमांक १" एवढंच पुकारायचं किंवा न पुकारता जाऊन बोलवायचं, हे शिरस्तेदारांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

पहिली भेट

साक्षीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा भेटू नका. आठवडाभर आधी बोलवा, आणि तुमच्या त्या ऑफिसात नको जिथे तीन कारकून, दोन पोलीस आणि चहावाला एकाच वेळी असतात. "काय झालं होतं सांग बरं" अशी सुरुवातही करू नका. हे ती आतापर्यंत फिर्याद घेणाऱ्याला, डॉक्टरला, दंडाधिकाऱ्यांना आणि बहुतेक सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेली आहे.

आधी रिकामं कोर्ट दाखवा. सकाळी कामकाज सुरू होण्याआधी किंवा संध्याकाळी बोर्ड संपल्यावर. इथे न्यायाधीश बसतील, हे स्टेनो, ते टाइप करतात म्हणून थांबत थांबत बोलायचं. हे आरोपीचे वकील, यांचं कामच प्रश्न विचारायचं आहे. आरोपी तिकडे, पडद्यामागे. तिला पिंजऱ्यात उभं राहून बघू द्या, खुर्चीत बसून बघू द्या. एका मुलीने मला विचारलं होतं, "जजसाहेब मारतात का?" हसू नका. तिने कोर्ट फक्त सिनेमात पाहिलेलं असतं, तिथे सगळे ओरडतच असतात.

"तुम्ही" म्हणा. बँकेतला पंच साक्षीला आला की आपण "या, बसा" म्हणतो आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला "काय गं, नीट सांग" म्हणतो. लहान मुलीला "तू" ठीक आहे, पण विचारून घ्या तिला घरी काय म्हणतात.

आता जबाब. सरकारी वकिलाने साक्षीपूर्वी साक्षीदाराला तिचा आधीचा जबाब वाचून दाखवण्यात गैर काही नाही. उत्तरं घडवून देणं गैर. रेघ अशी : कोर्ट कसं चालतं हे शिकवायचं, काय बोलायचं हे नाही. उलटतपासणीत "तुम्हाला वकिलांनी काय सांगायचं ते सांगितलं ना?" हा प्रश्न ठरलेला असतो, आणि तिने खरं तेच सांगावं : "जबाब वाचून दाखवला. खरं असेल ते सांगा म्हणाले." एवढं बोलली की त्या प्रश्नातला दम जातो.

वाचताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. फिर्याद पोलिसांच्या मराठीत असते. "सदर इसमाने माझे इच्छेविरुद्ध माझेशी जबरी संभोग केला" असं सोळा वर्षांची मुलगी कधी बोलत नाही. ती म्हणालेली असते, "त्याने माझं तोंड दाबलं आणि घाण काम केलं." दोन वर्षांनी बचाव पक्षाचे वकील ते पोलिसी वाक्य वाचून विचारतात, "तुम्ही असं सांगितलं होतं का?" ती प्रामाणिकपणे म्हणते, "नाही." आणि झाली विसंगती. म्हणून वाचून दाखवताना जिथे ती अडते तिथे खूण करा, आणि सरतपासणीतच (आपण स्वतः आधी प्रश्न विचारतो तेव्हाच) विचारा की पोलिसांना तुम्ही कुठल्या शब्दांत सांगितलं होतं. तिचे शब्द आधी रेकॉर्डवर आले की तो घाव बोथट होतो.

शरीराच्या अवयवांना ती काय म्हणते हेही त्याच दिवशी कळायला हवं. "शू ची जागा", "खालचं", काही जणी नुसतं बोट दाखवतात. नुसतं "वाईट काम केलं" यावर केस टिकत नाही, कारण न्याय संहितेचं कलम ६३ आणि पोक्सोचं कलम ३ काय कुठे घातलं हे विचारतं. त्या एका उत्तरावर शिक्षेचा पल्ला बदलतो. तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. पण तो येणार आहे, एकदाच येणार आहे आणि का येणार आहे, हे तिला आधी सांगता येतं. लहान मुलांसाठी शरीराचं साधं रेखाचित्र जवळ ठेवा. आणि स्टेनोला सांगा, तिचे शब्द जसेच्या तसे टाइप करा, शुद्ध करू नका.

घरी लमाणी, गोंडी, भिली किंवा पारधी बोलली जात असेल तर दुभाषी मागा. पोक्सोच्या कलम ३८ मध्ये तशी सोय आहे, विशेष शिक्षकाचीसुद्धा. दुभाषी त्याच तांड्यावरचा नको, कारण तो आरोपीचाही कोणी ना कोणी लागतो.

अर्ज

साधा, एक पानी. मी साधारण असा लिहिते :

"सरकार पक्षातर्फे विनंती की, साक्षीदार क्र. १ यांची साक्ष (१) बंद दालनात नोंदवावी. (२) साक्षीदार व आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी पडद्याची अथवा दृकश्राव्य माध्यमाची व्यवस्था करावी. (३) साक्ष सकाळच्या सत्रात सर्वप्रथम घ्यावी व उलटतपासणी त्याच दिवशी पूर्ण करावी. (४) साक्षीदारासोबत त्यांच्या विश्वासाची एक व्यक्ती बसू द्यावी. (५) साक्षीदाराने मागितल्यास विश्रांती द्यावी. (६) घटनेशी थेट संबंधित उलटतपासणीचे प्रश्न बचाव पक्षाने लेखी न्यायालयाकडे द्यावेत व ते न्यायालयामार्फत विचारले जावेत."

आधार : बंद दालनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याचं) कलम ३६६. तिथे शक्यतो महिला न्यायाधीशांपुढे सुनावणी व्हावी असंही आहे. पोक्सोत कलमं ३३, ३६ आणि ३७ : प्रश्न न्यायालयामार्फत, मधूनमधून विश्रांती, मूल वारंवार साक्षीला बोलवायचं नाही, आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन नाही, आरोपी दिसणार नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत नवे वकील म्हणतात, हे पोक्सोचं आहे, आपल्याला लागू नाही. साक्षी (ही एक संस्था) विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल काढा. पडदा, लेखी प्रश्न आणि विश्रांती हे तिन्ही त्यात आहे. त्याआधी १९९६ चा गुरमितसिंग निकाल आहे, त्यात न्यायाधीशाने उलटतपासणीत मूक प्रेक्षक म्हणून बसू नये असं बजावलंय.

२०२२ चा स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा आदेश तर आपल्याच राज्यातून गेलेला. त्याने 'असुरक्षित साक्षीदार' या व्याख्येत लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या प्रौढ व्यक्तींनाही घेतलं आणि जिल्ह्याजिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळी केंद्रं उभारायला सांगितली. तुमच्या कोर्टात केंद्र असेल तर तिथला वेगळा दरवाजा, थांबायची खोली आणि टीव्ही पडदा आधी स्वतः तपासून बघा. ऐनवेळी आवाज येत नाही म्हणून मुलीला परत मुख्य कोर्टात नेलेलं मी पाहिलंय. केंद्र नसेल तर हिरवं कापड, लाकडी चौकट आणि न्यायाधीशांच्या डाव्या हाताला एक खुर्ची एवढ्यावर काम भागतं. चेंबरमध्ये साक्ष घ्यायलाही बरेच न्यायाधीश तयार असतात, विचारलं तर.

सोबतच्या व्यक्तीची एक अडचण कोणी सांगत नाही. बहुतेक केसमध्ये आई हीच साक्षीदार क्रमांक २ असते, त्यामुळे मुलीच्या साक्षीला आईला आत बसू देत नाहीत. मुलीला हे पिंजऱ्यात गेल्यावर कळतं आणि ती गळ्यात पडून रडायला लागते. यावर दोन उपाय : आईची साक्ष आधी घ्या, किंवा मावशी, शिक्षिका, बालकल्याण समितीने नेमलेली सहाय्यक व्यक्ती, यांतलं कोण चालेल ते मुलीलाच विचारून ठरवा.

ओरडली का नाही, हा प्रश्न

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. खटला तिच्या नावाने प्रसिद्ध आहे. मी ते नाव घेत नाही. सत्र न्यायालयाने तिच्या शरीरसंबंधांच्या सवयीकडे बोट दाखवत आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे जबरदस्ती नाही, अशा तर्काने पुन्हा निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ ला कायदा बदलला. बंद दालनातली सुनावणी, ओळख जपण्याची तरतूद आणि पोलीस कोठडीसारख्या प्रसंगांत संमती नव्हती असं गृहीत धरणं, हे तिन्ही त्याच दुरुस्तीतून आलं. तुमचा एक पानी अर्ज त्या मुलीच्या हरलेल्या खटल्यावर उभा आहे.

तरी तो प्रश्न आजही येतो. तेव्हा तुम्ही स्वतः "का" ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. "तुम्ही का ओरडला नाहीत?" ऐवजी "तेव्हा तुमच्या अंगाला काय झालं होतं?" असं विचारा. मग ती सांगते : हातपाय गळाले, तोंडातून आवाज फुटेना, दातखीळ बसली. भीतीने शरीर असं थिजतं, त्यावर माणसाचा ताबा नसतो. ते रेकॉर्डवर आलं की युक्तिवादात न्याय संहितेच्या कलम ६३ चं दुसरं स्पष्टीकरण दाखवा : शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही.

आठवणीचंही तसंच. अशा प्रसंगाची आठवण तुकड्यांत राहते. भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्या तोंडाचा गुटख्याचा वास, लांब कुठेतरी वाजणारी पिठाची गिरणी, हे लख्ख. पण आधी काय, नंतर काय, किती वाजले होते, हे गोंधळलेलं. पहिल्यांदा तिला तिच्या क्रमाने बोलू द्या, मध्ये तोडू नका. वेळेचा प्रश्न घड्याळाऐवजी रोजच्या कामाला बांधा : शाळा सुटली होती का, दूध घालायला कोणी गेलं होतं का, लाइट होती का? तारीख नाही आठवत तर "पोळ्याच्या आधी की नंतर" हे बहुधा आठवतं. वास आणि आवाज विचारा. त्या बारीक खुणा पढवलेल्या साक्षीत सहसा नसतात आणि न्यायाधीशांना ते कळतं.

ती रडेलच असं नाही. काही जणी दगडासारख्या बोलतात, काही जणी चक्क हसतात. न्यायाधीश साक्षीदाराच्या वागण्याची नोंद घेऊ शकतात, तेव्हा "साक्षीदार हसत उत्तर देते" असं टाइप व्हायच्या आधी तुम्ही उठून विश्रांती मागा.

मुद्देमाल

याबद्दल फार कमी बोललं जातं. लाखेचं सील असलेलं खाकी पाकीट. त्यात तिचे त्या दिवशीचे कपडे, दोन-अडीच वर्षं बंद. ओळख पटवायची म्हणून कारकून ते तिच्या समोरच्या लाकडी फळीवर फोडतो आणि कुबट वास भसकन बाहेर येतो. सलवारीच्या नाडीला अजून गाठ असते, परकराची असते. ज्या बाईने तासभर न अडखळता सरतपासणी दिली, ती इथे ओकारी येऊन बाहेर धावते, आणि मग उलटतपासणी पुढच्या तारखेला.

पाकीट साक्षीच्या आधी न्यायालयाच्या परवानगीने उघडून, वस्तू वेगळ्या करून, लेबलसकट प्लॅस्टिकमध्ये ठेवून घ्या. दाखवायच्या तेवढ्याच दाखवा. अंतर्वस्त्रांची ओळख पंच आणि तपास अधिकाऱ्यांकडून होऊ शकते, तिच्याकडूनच हवी असं नाही. दाखवायचेच असतील तर जप्तीच्या वेळचे फोटो चालतील का ते न्यायाधीशांना विचारा. आणि काहीही करा, पण तिला आधी सांगा : "आता तुमचे कपडे दाखवणार आहेत. ओळखीचे असतील तर हो म्हणा. हात लावायची गरज नाही."

आरोपीची ओळखही अशीच आधी ठरवून घ्या. शेजारी किंवा नातेवाईक असेल आणि ओळख वादातच नसेल, तर बचाव पक्षाच्या वकिलांशी बोलून तशी नोंद करून घ्या. तिला त्याच्याकडे बघावंच लागणार नाही. बघावं लागणारच असेल तर साक्षीच्या अगदी शेवटी, पडद्यावर किंवा एका क्षणापुरतं.

उलटतपासणी

बचाव पक्षाचे वकील शत्रू नाहीत. आरोपीला उलटतपासणीचा पूर्ण हक्क आहे, आणि तो अडवून मिळवलेली शिक्षा उच्च न्यायालयात टिकत नाही. वेळ, जागा, जुनं भांडण, शेताचा बांध, उशिरा दिलेली फिर्याद यांवरचे प्रश्न त्यांना विचारू द्या. प्रत्येक प्रश्नाला उठलात तर न्यायाधीश वैतागतात आणि साक्षीदारालाही वाटतं, माझ्याच्याने काही होत नाही.

पण तिच्या आधीच्या संबंधांवर किंवा चारित्र्यावर प्रश्न आला की वाक्य पूर्ण व्हायच्या आत उभे राहा. साक्ष अधिनियमाचं कलम ४८ आणि कलम १४९ चं परंतुक पाठ असू द्या. अश्लील प्रश्नांसाठी १५४, अपमान करण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांसाठी १५५. वैद्यकीय अहवालात दोन बोटांच्या चाचणीचा (तिला संबंधांची सवय होती का हे बघायची जुनी पद्धत) उल्लेख असेल तर तो कोर्टात मोठ्याने वाचला जाऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चाचणी खासगीपणाचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं सांगितलं.

दुसरी हरकत जोडप्रश्नांवर. "तुम्ही दार लावलं नाही, ओरडलाही नाहीत आणि शेजारी घरीच होते, हे म्हणणे बरोबर आहे काय?" याला "हो" म्हटलं की नेमकं कशाला हो? एकेक विचारा म्हणा. शेवटच्या सूचना, म्हणजे बचाव पक्ष आपलं म्हणणं तिच्यापुढे ठेवतो ती वाक्यं, तर तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवायची. "पैशासाठी खोटी केस केली", "तुमच्या संमतीने झालं" असं वकील ओळीने म्हणत जातील आणि रेकॉर्डवर "हे म्हणणे खोटे आहे की…" असं उतरत जाईल. ही पद्धत आहे, न्यायाधीशांनी तुम्हाला खोटं ठरवलं असं नाही. न चिडता "खोटं आहे" एवढंच म्हणायचं. "आठवत नाही" हे उत्तर चालतं, "प्रश्न कळला नाही" हेही चालतं. हे कोणी न सांगितल्यामुळे साक्षीदार अंदाजाने काहीतरी बोलतात आणि अडकतात.

उलटतपासणी त्याच दिवशी संपवा. आरोपीचे वकील बाहेरगावी असल्याचा अर्ज आला तर विरोध नोंदवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तहकुबी देता येत नाही, आणि बलात्काराचा खटला दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत संपावा अशी अपेक्षा आहे. (दोन महिने! असो.) सरतपासणी आणि उलटतपासणी यांच्यात पडलेल्या फटीतच पंचायत बसते, पैसे निघतात, "लग्न लावून देऊ" म्हणतात. न्यायालयाने अशा तडजोडीला हात लावायचा नाही हे २०२१ च्या अपर्णा भट निकालात स्पष्ट आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आरोपीला जामिनासाठी पीडितेकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती, ती तिथे रद्द झाली.

तरी ती फितूर झाली तर? उलटतपासणीची परवानगी मागा, पण तिच्यावर आवाज चढवू नका. ती घरी परत त्याच गल्लीत जाणार आहे. आणि सतरा वर्षांच्या मुलीने मर्जीने पळून जाऊन लग्न केलेल्या केसेसही पोक्सोखाली येतात. तिथे मुलीला आरोपीची नाही, आपलीच भीती वाटत असते. वर लिहिलेलं सगळं तिलाही तितकंच लागू.

साक्ष झाल्यावर

भत्ता त्याच दिवशी हातात द्यायला लावा, रोजगार बुडवून आलेली असते. आरोपीचे लोक निघून गेल्यावर, महिला अंमलदारासोबत, तिच्या एसटीपर्यंत. दुसऱ्या दिवशी फोन करा, नाहीतर कोर्टाला आपली गरज संपली असंच तिला वाटतं. मनोधैर्य योजनेचा (पीडितांना राज्य सरकारच्या मदतीचा) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला आहे का ते विचारा. ही योजना २०१३ पासून आहे आणि तिची मदत खटल्यात शिक्षा होण्यावर अवलंबून नाही, तरी निकालानंतर बघू म्हणून कित्येक अर्ज पडून राहतात.

निकाल तिला तुमच्याकडूनच कळावा, वर्तमानपत्रातून नाही. आरोपी सुटला तर निकालातला तो परिच्छेद काढून समजवा की पुरावा अपुरा पडला असं न्यायालय म्हणतं आहे, ती खोटं बोलली असं नाही. आणि तसं निकालात खरंच लिहिलं असेल तर तेही लपवू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली तिला स्वतःला अपील करता येतं, त्यासाठी विधी सेवेचा मोफत वकील मिळतो. शिक्षा झाली तर आरोपी शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागायला उच्च न्यायालयात जाणार हे गृहीत धरा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोक्सोच्या प्रकरणांत जामिनासारख्या अर्जांची सूचना पीडित पक्षाला देण्याविषयी निर्देश दिलेले आहेत. ती सूचना घेऊन पुन्हा पोलीस दारात जाणार. म्हणून निकालाच्या दिवशीच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : कुठल्या नंबरवर फोन करायचा, किती वाजता आणि फोन कोणी उचलला तरच बोलायचं.